टर्न युअर लाइट्स डाउन लो: बॉब मार्लीचं प्रेमगीत आणि लॉरिन हिलबरोबरचं रिमिक्स – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे गाणं मी पंचवीसेक वर्षं ऐकतोय आणि भेटेल त्याला ऐकवतोय. ऐकून झालं की लोक जे विचारतात, ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

हे एक गाणं आहे की दोन?

शब्द आणि चाल एकच, ध्वनिमुद्रणं दोन. पहिलं जमैकाच्या रेगे संगीताचा गायक बॉब मार्ली आणि त्याचा बँड द वेलर्स यांचं, ३ जून १९७७ रोजी आलेल्या ‘एक्झोडस’ या अल्बममधलं. दुसरं १९९९ सालच्या ‘चांट डाउन बॅबिलॉन’ या अल्बममधलं. त्यात बॉबचा तोच जुना आवाज आहे आणि त्याच्याबरोबर अमेरिकन गायिका लॉरिन हिल गाते, रॅप करते. त्याच वर्षी ‘द बेस्ट मॅन’ या अमेरिकन चित्रपटाच्या साउंडट्रॅकवरही हे दुसरं रूप आलं, त्यामुळे पुष्कळांना गाणं आधी तिथूनच कळलं.

मी ऐकतोय ते कुठलं, हे कसं ओळखायचं?

बाईचा आवाज पुढे येऊन गात असेल आणि मध्ये रॅप असेल, तर ते १९९९चं. गिटारच्या लडिवाळ तुकड्याने सुरू होऊन साडेतीन मिनिटांच्या थोडं पुढे जाऊन संपत असेल, तर ते मूळ.

दोघं स्टुडिओत एकत्र कधी आले होते?

कधीच नाही. बॉब ११ मे १९८१ रोजी मायामीत कर्करोगाने गेला, तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता. लॉरिन तेव्हा न्यू जर्सीत राहणारी, सहावं वर्ष पूर्ण व्हायला पंधरा दिवस बाकी असलेली मुलगी होती. मूळ गाणं बाजारात आलं त्या आठवड्यात तर ती नुकती दोन वर्षांची झाली होती.

मूळ गाणं कुठे आणि कोणत्या परिस्थितीत झालं?

हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं, कारण इतकं शांत गाणं इतक्या अशांत दिवसांतून आलं आहे, हे कळल्यावर ते वेगळंच ऐकू येतं.

१९७६च्या अखेरीस जमैकात निवडणूक जवळ आली होती. दोन पक्षांच्या टोळ्या राजधानी किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. लोकांनी थोडं शांत व्हावं म्हणून बॉबने ‘स्माइल जमैका’ नावाचा मोफत कार्यक्रम जाहीर केला. ३ डिसेंबरच्या रात्री, कार्यक्रमाला दोन दिवस उरलेले असताना, ५६ होप रोडवरच्या त्याच्या घरात तालीम चालू होती आणि बंदूकधारी आत घुसले. बॉबला गोळी चाटून गेली, त्याची बायको रीटा हिच्या डोक्याला लागली, मॅनेजर डॉन टेलरला तर अनेक गोळ्या लागल्या. सगळे वाचले. ५ डिसेंबरला बॉब जखमी हाताने मंचावर उभा राहिला, गायला, आणि मग देश सोडून गेला. आधी बहामाज, मग लंडन.

लंडनमध्ये चेल्सी भागात ४२ ओक्ली स्ट्रीट इथे त्याचा मुक्काम होता. तिथे आता त्याच्या नावाची निळी पाटी लागली आहे. नॉटिंग हिलमधल्या बेसिंग स्ट्रीटवर आयलंड रेकॉर्ड्स या त्याच्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ होता, एका जुन्या प्रार्थनाघरात थाटलेला. तिथे १९७७च्या पहिल्या महिन्यांत इतकं काम झालं की त्यातून ‘एक्झोडस’ निघाला आणि पुढच्या वर्षीचा ‘काया’ही.

‘एक्झोडस’ची पहिली बाजू जळजळीत आहे: अन्याय, पाप, निर्वासितांची वाटचाल. तबकडी उलटली की दुसऱ्या बाजूला नाच, प्रेम आणि दिलासा. ‘जॅमिंग’, ‘वेटिंग इन व्हेन’, मग हे गाणं, मग ‘थ्री लिटल बर्ड्‌स’ आणि शेवटी ‘वन लव्ह’. स्वतःच्या घरात गोळी खाल्लेला माणूस सहा महिन्यांच्या आत हे सगळं गाऊन मोकळा होतो. ‘टाइम’ मासिकाने १९९९ संपताना याच अल्बमला विसाव्या शतकातला सर्वोत्तम ठरवलं.

गाण्यात तो म्हणतो काय?

फार थोडं म्हणतो. दिवा बारीक कर, खिडकीचा पडदा सार, जाहचं चांदणं पुन्हा आपल्या आयुष्यात येऊ दे. इतकंच.

गाण्याच्या नावाचं ‘तुझे दिवे मंद कर’ असं भाषांतर मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे आणि दर वेळी हळहळलो आहे. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे. कंदिलाच्या दिवसांत घराघरात म्हणत, ‘वात बारीक कर गं.’ बॉब तेच म्हणतोय. आणि पडद्याबद्दल पुष्कळांची गल्लत होते. त्यांना वाटतं, दोघांना एकांत हवा म्हणून पडदा लावून घ्यायला सांगतोय. पण पुढचीच ओळ चंद्राला आत बोलावते. म्हणजे पडदा उघडायचाय! दिवा बारीक करायचा तो अंधारासाठी नव्हे. घरात दिवा मोठा असला तर बाहेरचं चांदणं दिसतच नाही, म्हणून. रात्री गच्चीवरचा बल्ब मालवला की चांदणं एकदम उतरतं, ते ज्याने पाहिलंय त्याला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही.

आणखी एका छोट्या शब्दाकडे लक्ष द्या: ‘पुन्हा’. चांदणं ‘पुन्हा’ येऊ दे. म्हणजे ही नवी ओळख नाही. मध्ये काहीतरी तुटलंय, अंतर पडलंय. पुढच्या कडव्यात तो सांगतो की तुझ्यासाठीचा निरोप मी कधीपासून जपून ठेवलाय, पण वेळेवर मी कधी पोचलोच नाही. प्रेमाची कबुली आणि उशिराची माफी एकाच दमात येते. म्हणून मला हे नवथर प्रेमाचं गाणं वाटत नाही, परतून आलेल्या माणसाचं वाटतं.

‘जाह’ म्हणजे कोण?

देव. रास्ताफारी पंथाचे लोक देवाला जाह म्हणतात. बायबलमधल्या यहोवाचं ते लहान रूप. बॉब त्या पंथाचा होता. प्रेयसीच्या खिडकीतल्या चंद्रालाही तो देवाचा चंद्र म्हणतो, यात त्याला काही विशेष वाटत नाही. अभंगात विठ्ठल आणि पीठ-मीठ एकाच ओळीत ऐकत आलेल्या आपल्यासारख्यांनाही वाटू नये.

हे कोणासाठी लिहिलं?

सिंडी ब्रेकस्पीअरसाठी, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ती जमैकाची, १९७६ची मिस वर्ल्ड. तिला मुकुट मिळाला नोव्हेंबरमध्ये लंडनला, आणि दोनच आठवड्यांनी किंग्स्टनमध्ये बॉबच्या घरावर हल्ला झाला. या जोडीवर ब्रिटिश वर्तमानपत्रांनी पुष्कळ तोंडसुख घेतलं. गोरी दिसणारी सौंदर्यवती आणि जटाधारी रास्ता एकत्र कसे, हे त्यांना पचत नव्हतं. दोघांचा मुलगा डेमियन १९७८च्या जुलैमध्ये जन्मला. तोही पुढे मोठा गायक झाला.

मग रीटाचं काय?

हा प्रश्न विचारायलाच हवा. बॉब आणि रीटाचं लग्न फेब्रुवारी १९६६मध्ये झालं आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत टिकलं. रीटा त्याच्यामागे गाणाऱ्या आय-थ्रीज या त्रिकुटात होती. मार्शिया ग्रिफिथ्स आणि जूडी मोवॅट या दुसऱ्या दोघी. ‘एक्झोडस’वर साथीचे आवाज आय-थ्रीजचेच आहेत. डोक्याला गोळी लागून वाचलेली बाई, काही महिन्यांनी त्याच माणसाच्या अल्बमवर गाते, आणि त्यातलं एक गाणं दुसरीसाठी आहे असं जग म्हणतं. हे सोसणं किती अवघड असेल याचा अंदाजच करता येतो. बॉबवर माझं प्रेम आहे, पण त्याच्या घरातल्या बायकांनी जी किंमत मोजली ती मला लपवाविशी वाटत नाही. गाणं सुंदर आहे आणि हेही खरं आहे.

इतकं संथ आहे, मग याला रेगे का म्हणायचं?

रेगेत वेग महत्त्वाचा नाही, जागा महत्त्वाची. आपल्याकडे समेला केवढा मान! फिरून फिरून सगळे समेवर येतात आणि श्रोत्यांची मान हलते. रेगेतला ‘वन ड्रॉप’ नावाचा ठेका बरोबर उलटं करतो. चार मात्रांतली पहिली मात्रा तो रिकामी सोडतो आणि ड्रमचा भार तिसरीवर टाकतो. गिटार मधल्या फटींत छोटे छोटे तुटक आघात देतं. त्यामुळे गाणं सतत किंचित मागे रेलून चालल्यासारखं वाटतं.

हा ठेका ज्यांनी जगाला दिला त्यांत वेलर्सचे दोघे बॅरेट बंधू आघाडीवर: ड्रमवर कार्लटन आणि बेसवर अ‍ॅस्टन, ज्याला सगळे ‘फॅमिली मॅन’ म्हणत. या गाण्यात रेगेबरोबर अमेरिकन सोल संगीताची मायाही आहे, विशेषतः गिटारमध्ये. ज्युनियर मार्विन हा गिटारवादक ‘एक्झोडस’च्या वेळीच वेलर्समध्ये नव्याने आला होता.

रिमिक्समधला बॉबचा आवाज एआयने बनवला आहे का?

नाही. हल्ली हा प्रश्न फार येतो, पण १९९९मध्ये असं काही नव्हतं. तो बॉबचाच आवाज आहे, त्याच्याच श्वासासकट.

स्टुडिओत गाणं मुद्रित होतं तेव्हा सगळं एकत्र होत नाही. रुंद टेपवर शेजारी शेजारी पट्ट्या असतात: एकीवर बेस, काहींवर ड्रम, एकीवर गिटार, एकीवर गायक. मूळ टेप जपून ठेवलेली असेल तर वर्षांनंतरही फक्त गायकाची पट्टी वेगळी ऐकता येते. तिच्याखाली नवा ठेका, नवा बेस घालायचा, आणि दुसऱ्या गायिकेने हेडफोन लावून त्या आवाजाबरोबर गायचं. तंत्र एवढंच. नॅटली कोलने १९९१मध्ये आपले वडील नॅट किंग कोल यांच्याबरोबर ‘अनफर्गेटेबल’ असंच गायलं होतं; वडील जाऊन तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती.

अवघड भाग तंत्राच्या पलीकडे आहे. समोरचा माणूस तुमच्यासाठी थांबणार नाही, तुमच्याकडे पाहून हसणार नाही, तुम्ही सूर वर नेलात म्हणून तोही नेणार नाही. त्याने बावीस वर्षांपूर्वी जिथे श्वास घेतला तिथेच तो घेणार. मग सगळं जमवून घेणं जिवंत माणसाच्या वाट्याला येतं. एकदा हेडफोन लावून फक्त लॉरिनकडे लक्ष देऊन ऐका. बॉबची ओळ संपण्याआधी ती घाई करत नाही. त्याने सोडलेल्या फटीत ती येते आणि तो परत यायच्या आत बाजूला होते. घरातल्या मोठ्या माणसाचं बोलणं तोडू नये, तसं.

हे रिमिक्स केलं कोणी?

अल्बमचा निर्माता बॉब आणि रीटाचा मुलगा स्टीफन मार्ली. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, हा अल्बम आला तेव्हा सत्तावीस. वडिलांचा सुटा आवाज स्टुडिओच्या स्पीकरमधून ऐकत त्याने हे काम केलं. या एका गोष्टीपुढे मला बाकीची माहिती फिकी वाटते.

लॉरिन हिलच का?

१९९९मध्ये तिच्याएवढी मोठी गायिका शोधून सापडली नसती. १९९८च्या ऑगस्टमध्ये तिचा ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ आला आणि पुढच्या फेब्रुवारीत तिने पाच ग्रॅमी पुरस्कार नेले, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचाही. त्याआधी फ्यूजीज या त्रिकुटाबरोबर १९९६च्या ‘द स्कोअर’ अल्बममध्ये बॉबचंच ‘नो वुमन, नो क्राय’ नव्याने आलं होतं.

पण खरं कारण घरातलं आहे. लॉरिनचा जोडीदार रोहन मार्ली हा बॉबचा मुलगा, स्टीफनचा सावत्र भाऊ. ‘मिसएज्युकेशन’चं काही काम तर किंग्स्टनच्या टफ गाँग स्टुडिओत, म्हणजे बॉबने सुरू केलेल्या संस्थेच्या अंगणातच झालं. हे द्वंद्वगीत आलं तेव्हा लॉरिन आणि रोहनला दोन मुलं झाली होती: १९९७चा झायन आणि १९९८ची सिला. म्हणजे ती ज्याच्याबरोबर गातेय, तो तिच्या मुलांचा आजोबा आहे, आणि नातवंडं त्याने पाहिलेली नाहीत.

प्रेमगीत, आणि तेही जोडीदाराच्या वडिलांबरोबर? जरा विचित्र नाही का?

मलाही पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं होतं. पण तिच्या शब्दांकडे नीट लक्ष दिलं तर ती बॉबशी प्रेमालाप करत नाही हे जाणवतं. ती त्याच्या गाण्यात शिरून स्वतःच्या प्रेमाबद्दल बोलते. तिच्या रॅपमध्ये एक कल्पना आहे: तुझ्यावर प्रेम करणं म्हणजे दर साडेतीन मिनिटांनी एकच गाणं पुन्हा लावणं. मूळ गाणं जवळपास तेवढ्याच लांबीचं आहे! ती रोहनबद्दल बोलते आहे, आणि त्याच वेळी आपण सगळ्यांनी या गाण्याचं इतकी वर्षं जे केलं त्याबद्दलही.

जुन्या गाण्याचं रिमिक्स करणं म्हणजे त्याची वाट लावणंच नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांचं दुःख मला कळतं. आपल्या पिढीने ‘झंकार बीट्स’च्या कॅसेटी सोसल्या आहेत. लताबाईंचा आवाज चाललाय, आणि त्याच्या डोक्यावर कोणीतरी न विचारता ड्रम बडवतोय! नंतर २०००च्या आसपास हिंदी रिमिक्सची लाट आली ती वेगळीच. रिमिक्स या शब्दालाच आपल्याकडे वाईट वास लागला.

पण जमैकात याचा इतिहास वेगळा आहे, आणि माझ्या मते सगळ्या पानावर महत्त्वाचं काही असेल तर ते हेच. तिथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून छोट्या तबकड्यांच्या मागच्या बाजूला त्याच गाण्याचा गायकाशिवायचा अवतार छापू लागले. त्याला ‘व्हर्जन’ म्हणत. गल्लोगल्ली मोठमोठे स्पीकर रचून ‘साउंड सिस्टिम’ भरायची, तिथे हा व्हर्जन लागायचा आणि माइकवरचा माणूस त्यावर आपलं बोलणं रचायचा. किंग टबीसारख्या तंत्रज्ञांनी तर मिक्सिंगच्या टेबलालाच वाद्य केलं. त्यातून डब संगीत आलं.

१९७०चं एक उदाहरण मुद्दाम ऐका. पॅरागॉन्स या मंडळींचं ‘वेअर यू टू द बॉल’ नावाचं गोड प्रेमगीत होतं. यू-रॉय या अशाच माइकवरच्या माणसाने त्यावर आपलं बोलणं चढवलं, पण मूळ गायकाचा आवाज पुसला नाही. तो आवाज मध्ये मध्ये येतो आणि यू-रॉय त्याला उत्तर देतो, चिडवतो, दुजोरा देतो. जुनं प्रेमगीत, जुना आवाज, त्यावर नवा आवाज: लॉरिन आणि बॉबच्या गाण्याची घडण २९ वर्षं आधी किंग्स्टनमध्ये तयार होती. म्हणून स्टीफनने वडिलांच्या गाण्याचं जे केलं ते मला परंपरेला धरून वाटतं. कीर्तनात मूळ अभंग घेऊन बुवा त्यावर बोलतात आणि पुन्हा अभंगावर येतात, तेव्हा तुकोबांचा अपमान झाला असं आपण म्हणत नाही.

पण रॅप तर अमेरिकन आहे. रेगेशी त्याचा काय संबंध?

रॅप ज्याचा भाग आहे त्या हिप-हॉपची सुरुवात ज्या पार्टीपासून मोजतात ती ११ ऑगस्ट १९७३ची, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातली. तिथे तबकड्या वाजवणारा डीजे कूल हर्क किंग्स्टनमध्ये जन्मलेला होता. साउंड सिस्टिमची सवय तो घरूनच घेऊन आला होता.

‘चांट डाउन बॅबिलॉन’मधली बाकीची गाणी कशी आहेत?

सगळी बॉबच्या आवाजावर रचलेली आहेत. एरिका बाडू, द रूट्स, बस्टा ऱ्हाइम्स, चक डी, रकीम, एमसी लाइट असे हिप-हॉप आणि सोलमधले मोठे लोक त्यात आहेत; एरोस्मिथ या रॉक बँडचे स्टीव्हन टायलर आणि जो पेरीसुद्धा. एरिका बाडूचं ‘नो मोअर ट्रबल’ मनापासून ऐकण्यासारखं आहे. काही ठिकाणी मात्र पाहुणे इतके बोलतात की यजमान कोपऱ्यात बसल्यासारखा वाटतो.

बॉब मार्लीचा भारताशी काही संबंध?

त्याने इथे कार्यक्रम केला नाही. पण जमैकाचा भारताशी जुना धागा आहे. १८४५पासून उसाच्या मळ्यांवर कामासाठी भारतीय करारबद्ध मजूर तिथे नेले गेले, आणि ‘गांजा’ हा शब्द जमैकन बोलीत त्यांच्याकडूनच रुजला. आपल्या जवळ रेगे प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर गोव्याकडे पाहावं; तिथे ‘गोवा सनस्प्लॅश’ हा खास रेगेचा महोत्सव सुरू झाला.

आधी कुठलं ऐकू?

मूळ. त्यातही एकटं गाणं नको, ‘एक्झोडस’ची दुसरी बाजू सलग ऐका. माझ्याकडे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेली कॅसेट होती. ‘वेटिंग इन व्हेन’ संपून हे गाणं सुरू व्हायच्या मधली ती एक-दोन सेकंदांची खरखर मला अजून पाठ आहे. आधीच्या गाण्यात तो दारात ताटकळतोय आणि इथे खिडकीत चंद्र आलाय. त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, लॉरिनचं ऐका.

दोन्हींत सरस कुठलं?

एकट्याने रात्री ऐकायला मूळ. त्याची उणीव भरून काढण्यासारखं रिमिक्समध्ये काही नाही, आणि रिमिक्स तसा दावाही करत नाही. पण मूळ गाण्यात तो एकटाच बोलतो. तिने काय म्हटलं हे आपल्याला कळत नाही. १९९९मध्ये पहिल्यांदा पलीकडून उत्तर आलं. ते ज्या बाईसाठी गाणं होतं तिचं नाही, ज्या पिढीतलं होतं त्या पिढीतलंही नाही, तरी उत्तर आलं. त्यासाठी मला ते हवं आहे.

या घरातून पुढे असं काही झालं का?

लॉरिन आणि रोहनचा एक मुलगा जोशुआ. वायजी मार्ली या नावाने तो गातो. २०२३च्या डिसेंबरमध्ये त्याचं ‘प्रेझ जाह इन द मूनलाइट’ आलं आणि जगभर वाजलं. त्याचा पाया आजोबांच्या ‘क्रायसिस’ या गाण्याचा आहे, १९७८च्या ‘काया’मधला, म्हणजे बेसिंग स्ट्रीटवरच्या त्याच दिवसांतला. ते रचण्यात आईचाही हात आहे. नाव नीट वाचा: जाह आहे, चांदणंही आहे.